ॲडव्हान्स घेतलाय? मग गप्प बसता येणार नाही! गेम कंपन्यांच्या उशिरातून शिकण्यासारखं



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण "ऑर्डर लेट होणार असेल तर गिऱ्हाईकाला कसं सांगायचं" हा विषय घेतला. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून त्यातली उदाहरणं इथे सविस्तर लिहितोय. ही सगळी उदाहरणं व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपन्यांची आहेत.

तुम्ही म्हणाल, "सर, आमचं फर्निचरचं दुकान. कुणाचं टेलरिंग, कुणाची छपाई, कुणाचा केकचा धंदा. आमचा गेमशी काय संबंध?"

संबंध आहे. गेम कंपनी आधी तारीख जाहीर करते. बऱ्याचदा माल तयार व्हायच्या आधीच पैसे घेते, त्याला प्री-ऑर्डर म्हणतात. म्हणजे आपला ॲडव्हान्सच की! मग काम लांबतं. गिऱ्हाईक विचारायला लागतं, कधी मिळणार? आणि कंपनीला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. हे तुमच्या दुकानात रोज घडतं. फरक एवढाच की तुमचं उत्तर तुमच्या आणि गिऱ्हाईकाच्या फोनमध्ये राहतं, आणि त्यांचं उत्तर साऱ्या जगासमोर असतं. कुठली तारीख दिली, ती कधी बदलली, काय कारण सांगितलं, पुढे काय झालं, सगळं नोंदलेलं आहे. दुसऱ्याला ठेच लागलेली इतकी स्वच्छ बघायला मिळत असेल, तर आपण शहाणं व्हायला काय हरकत आहे?

काल "पक्कं", आज "उशीर"

सुरुवात सगळ्यात गाजलेल्या उदाहरणाने करू. पोलंडमधल्या वॉर्सा शहरात सीडी प्रोजेक्ट रेड नावाची कंपनी आहे. त्यांचा "सायबरपंक २०७७" हा गेम २०१२ साली जाहीर झाला होता. जून २०१९ मध्ये मोठ्या स्टेजवर, हॉलिवूडचा स्टार किआनू रीव्ह्ज याला आणून, त्यांनी तारीख सांगितली: १६ एप्रिल २०२०.

जानेवारी २०२० मध्ये तारीख बदलली, १७ सप्टेंबर झाली. जूनमध्ये पुन्हा बदलली, १९ नोव्हेंबर झाली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंपनीने सांगितलं की गेम "गोल्ड" झाला. गेमच्या धंद्यात याचा अर्थ मूळ प्रत तयार, आता डिस्क छापायला द्यायची. आपल्या छपाईवाल्यांच्या भाषेत, प्रूफ फायनल होऊन काम मशीनवर गेलं. लोक निर्धास्त झाले.

२६ ऑक्टोबरला एका चाहत्याने ट्विटरवर कंपनीला विचारलं की आता तारीख पुढे जाणार नाही ना? मला ऑफिसात रजेचा अर्ज द्यायचाय. कंपनीच्या अधिकृत अकाउंटवरून उत्तर गेलं की हो, पक्कं.

दुसऱ्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, कंपनीने पिवळ्या कागदावर नोटीस काढली. गेम २१ दिवस पुढे. नवी तारीख १० डिसेंबर.

आता इथे थांबा आणि विचार करा. ज्याने "पक्कं" लिहिलं, तो खोटं बोलत होता का? बहुधा नाही. त्याला माहीतच नसणार. त्या वेळच्या बातम्यांमध्ये आलं होतं की कंपनीतल्या अनेक लोकांना हा उशीर जगाबरोबरच कळला. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्यामुळे अशी बातमी आधी आत पसरवता येत नाही, ही त्यांची अडचण होती. पण तुमच्या दुकानाला अशी काही अडचण आहे का?

तुमच्याकडे काय होतं बघा. वर्कशॉपमध्ये मिस्त्रीला माहीत असतं की प्लाय आलेला नाही. मालकालाही माहीत असतं. काउंटरवरच्या पोराला कुणी सांगितलेलं नसतं. गिऱ्हाईकाचा फोन येतो आणि तो पोरगा बिचारा उत्साहाने सांगतो, "हो काकू, शनिवारी नक्की!" शनिवारी काकू दारात उभ्या. आता खोटारडं कोण ठरलं? पोरगा नाही, तुमचं दुकान.

म्हणून पहिला नियम लिहून ठेवा. उशीर ठरला की आधी आपल्या माणसांना सांगायचं, मग गिऱ्हाईकाला. फोन उचलणारा, डिलिव्हरीला जाणारा, व्हॉट्सॲप बघणारा, सगळ्यांच्या तोंडी एकच तारीख हवी. दोन मिनिटांचं काम आहे, फळ्यावर लिहा.

तारीख पाळली, पण माल?

सायबरपंक अखेर १० डिसेंबर २०२० ला आला. प्री-ऑर्डरच सुमारे ८० लाख होत्या. शेवटच्या नोटिशीत कंपनीने उशिराचं कारण प्रामाणिकपणे दिलं होतं. जुने कन्सोल, नवे कन्सोल आणि कॉम्प्युटर मिळून गेमच्या नऊ आवृत्त्या एकाच वेळी तपासायच्या होत्या, आणि कोरोनामुळे लोक घरून काम करत होते. कारण खरं होतं. पण त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लोकांना सांगितली गेली नाही. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या मशीनवर गेम नीट चालत नव्हता.

रिलीजआधी परीक्षण करणाऱ्यांना फक्त कॉम्प्युटरची आवृत्ती दिली होती. गुंतवणूकदारांना सांगितलं होतं की जुन्या कन्सोलवरही गेम छान चालतोय. मग लोकांनी घरी जाऊन गेम लावला आणि तो अडखळायला, मध्येच बंद पडायला लागला. चार दिवसांत कंपनीला माफी मागावी लागली, पैसे परत घ्या म्हणावं लागलं. त्याच आठवड्यात सोनीने हा गेम आपल्या प्लेस्टेशन स्टोअरमधून काढूनच टाकला. तो परत आला थेट २१ जून २०२१ ला. गुंतवणूकदारांनी अमेरिकेत खटला भरला, तो साडेअठरा लाख डॉलर देऊन मिटवावा लागला.

आता एक गंमत बघा. तीन वेळा उशीर झाला तेव्हा लोक चिडले, काही मूर्खांनी तर कर्मचाऱ्यांना जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. पण प्री-ऑर्डर केलेले लाखो लोक थांबले. ते तुटले चौथी तारीख *पाळल्यावर*. कारण हातात आलेला माल आणि कानांवर पडलेले शब्द जुळत नव्हते.

आपल्याकडे हे कसं होतं? मॉड्युलर किचनची तारीख आली. ट्रॉल्या बसल्या, शटर बसली, पण सॉफ्ट क्लोजची हार्डवेअर आलेलीच नाही. मालक म्हणतो, "बसवून टाका रे, तारीख चुकायला नको, हार्डवेअर नंतर बघू." आणि गिऱ्हाईकाला हे सांगत नाही. गृहप्रवेशाला पाहुण्यांसमोर ड्रॉवर धाडकन आपटतो. आता तुम्ही वेळेवर दिलंत हे कुणाच्या लक्षात राहणार? अर्धवट माल द्यायला हरकत नाही, कधीकधी गिऱ्हाईकालाच तसा हवा असतो. पण काय बाकी आहे ते *देण्याआधी* सांगा. आधी सांगितलं तर त्याला हिशोब म्हणतात, नंतर सापडलं तर फसवणूक.

याच कंपनीने पुढे स्वतःला सुधारलं, तेही बघण्यासारखं आहे. जानेवारी २०२१ मध्ये सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की स्वतः कॅमेऱ्यासमोर बसला. चूक कशी झाली ते सांगितलं आणि जबाबदारी व्यवस्थापनाची आहे, कामगारांना दोष देऊ नका, असं स्पष्ट म्हणाला. त्यानंतर फेब्रुवारीत कंपनीवर सायबर हल्ला झाला, एक मोठी दुरुस्ती लांबली. तेव्हा त्यांनी दिवस दिला नाही, "मार्चचा दुसरा पंधरवडा" असं सांगितलं. दुरुस्ती २९ मार्चला आली. नव्या कन्सोलची आवृत्ती २०२१ मध्ये येणार होती, तीही लांबली. तेव्हा "२०२२ ची पहिली तिमाही" म्हणाले आणि १५ फेब्रुवारी २०२२ ला दिली. पुढचा मोठा विस्तार "फँटम लिबर्टी" आधी फक्त "२०२३" म्हणून जाहीर केला. नक्की दिवस सांगितला तो साडेतीन महिने आधी. २६ सप्टेंबर २०२३ म्हणाले आणि त्याच दिवशी दिला.

लक्षात आलं? काम दूर असेल तेव्हा मोठा पट्टा द्यायचा. जवळ आलं की महिना सांगायचा. अगदी हाताशी आलं की दिवस सांगायचा. पाटील काका ऑर्डर द्यायला आले आणि पहिल्याच चहाला तुम्ही "२३ तारखेला सकाळी ११ वाजता" सांगून मोकळे झालात, तर ती तारीख तुमची राहत नाही. ती काकांची होते.

साडेसहा वर्षं जवळजवळ गप्प, तरी लोक रांगेत

आता उलटं उदाहरण. ऑस्ट्रेलियात ॲडलेड शहरात टीम चेरी नावाची चिमुकली कंपनी आहे. दोन मुख्य माणसं, एरी गिब्सन आणि विल्यम पेलन, आणि सोबत मोजके लोक. त्यांचा "होलो नाइट" हा गेम २०१७ मध्ये आला आणि पुढे त्याच्या दीड कोटी प्रती खपल्या. त्याचा पुढचा भाग "सिल्कसाँग" त्यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केला. आणि मग जवळजवळ गप्प झाले.

किती गप्प? एक यूट्यूब चॅनल रोज व्हिडिओ टाकायचं की आज सिल्कसाँगची बातमी आहे का? बहुतेक दिवशी उत्तर एकच, नाही. अशी वर्षं गेली. मग २१ ऑगस्ट २०२५ ला त्यांनी सांगितलं की गेम ४ सप्टेंबरला येतोय. फक्त दोन आठवडे आधी! काही छोट्या कंपन्यांनी घाबरून आपल्याच गेमच्या तारखा पुढे ढकलल्या. आणि ४ तारखेला खरेदीला इतकी झुंबड उडाली की स्टीमसकट मोठमोठी ऑनलाइन दुकानं काही वेळ कोलमडली.

त्या काळात त्यांनी पत्रकारांना सांगितलं की काम अडलं वगैरे नव्हतं, मजा येत होती म्हणून गेम वाढत गेला. आणि "अजून करतोय, अजून करतोय" असे निरोप सारखे दिले तर लोक वैतागतील, असं त्यांना वाटलं.

हे वाचून कुणी म्हणेल, "मग बरंच झालं, आपणही फोन उचलायचा नाही!" थांबा. टीम चेरीला हे जमलं त्यामागे एक मोठं कारण आहे. सिल्कसाँगची प्री-ऑर्डर त्यांनी घेतलीच नव्हती. दुकानात कुणाचेही पैसे अडकलेले नव्हते. (होलो नाइटच्या वेळी वर्गणी दिलेल्या जुन्या लोकांना त्याचा एक भाग कबूल केला होता, त्यांना पुढे हा अख्खा गेम फुकट मिळाला.) बाकी सगळे फक्त वाट बघत होते. वाट बघणारा कंटाळतो, पण तो तुमच्या दारात येऊन "माझे पैसे द्या" म्हणू शकत नाही.

आणि तरीही एक फटका बसलाच. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कार्यक्रमात सिल्कसाँग दाखवला गेला, आणि त्यात दाखवलेले गेम पुढच्या १२ महिन्यांत खेळता येतील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं. तारीख टीम चेरीच्या तोंडून आलीच नव्हती, दुकानदाराच्या तोंडून आली. मे २०२३ मध्ये टीम चेरीला सांगावं लागलं की नाही, एवढ्यात नाही होणार. तुम्ही डीलरला माल देता ना? तुमचा डीलर गिऱ्हाईकाला तुमच्या नावाने कुठली तारीख सांगतो, ते एकदा अनोळखी नंबरवरून फोन करून तपासा. घाम फुटेल.

तीच कंपनी, दोन पद्धती

ज्यांनी पैसे घेतलेत त्यांनी काय करायचं? याचं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण म्हणजे "फॅक्टोरिओ". प्रागमधल्या वूब सॉफ्टवेअरने बनवलेला हा कारखाना उभारण्याचा गेम आहे. तो अर्धवट असतानाच लोकांनी विकत घ्यायला सुरुवात केली होती. २०१३ पासून लोकांचे पैसे आलेले आणि पूर्ण आवृत्ती आली ऑगस्ट २०२० मध्ये. सात वर्षं! लोक भडकायला हवे होते, हो की नाही? झालं उलटंच. गेमचा चाहता वर्ग अत्यंत समाधानी.

कसं? ही मंडळी दर शुक्रवारी एक लेख लिहायची. नाव "फ्रायडे फॅक्ट्स". २०१३ पासून सुरू केलं आणि पूर्ण आवृत्ती येईपर्यंत असे साडेतीनशेहून जास्त लेख झाले. त्यात काय असायचं? या आठवड्यात रेल्वेच्या रुळांवर काम केलं. हा बग सापडला, तो का येत होता ते असं. ही कल्पना करून बघितली, जमली नाही, टाकून दिली. ठरवलेल्या आवृत्त्या त्यांच्याही लांबल्या. पण लांबलं की शुक्रवारी कळायचं.

यातली युक्ती नीट समजून घ्या, कारण आजच्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती ही. मालाची तारीख तुमच्या पूर्ण हातात नसते. निरोपाची तारीख शंभर टक्के तुमच्या हातात असते. प्लाय कधी येईल ते कंपनी ठरवते, पावसात पॉलिश कधी वाळेल ते आभाळ ठरवतं. पण "शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः फोन करून सांगेन काम कुठवर आलं" हे पाळणं कुणाच्या हातात आहे? आणि चार शुक्रवार तुमचा फोन न चुकता आला, की पाचव्या शुक्रवारी "काका, अजून आठ दिवस लागतील" या वाक्यावर काका विश्वास ठेवतात. चार वेळा तुम्ही शब्द पाळलेला असतो.

आता पुढची गंमत. पूर्ण आवृत्ती दिल्यावर याच कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं की आता आम्ही मोठा विस्तार बनवतोय, त्यासाठी दर शुक्रवारचा लेख थांबवतोय, दाखवण्यासारखं काही झालं की पुन्हा येऊ. अडीच वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, शुक्रवारचे लेख पुन्हा सुरू झाले आणि २१ ऑक्टोबर २०२४ ला "स्पेस एज" हा विस्तार आला.

बघा, एकच कंपनी. अर्धवट मालाचे पैसे घेतले होते तेव्हा दर आठवड्याला बोलली. नव्या मालाचा एक पैसाही घेतला नव्हता तेव्हा निवांत गप्प बसली, आणि गप्प बसतोय हेही *सांगून* बसली. याला म्हणतात धंद्याची समज.

आता पैसे घेऊन गप्प बसलं की काय होतं ते "नो मॅन्स स्काय"मध्ये दिसतं. इंग्लंडमधल्या हॅलो गेम्सचा हा गेम ऑगस्ट २०१६ मध्ये आला. त्यात असतील असं लोकांना वाटलेल्या बऱ्याच गोष्टी नव्हत्या. एकत्र खेळण्याची सोय हे त्यातलं मोठं दुखणं. लोकांनी पूर्ण पैसे मोजले होते. आणि कंपनी काही महिने जवळजवळ गप्प झाली. त्या शांततेत लोकांनी आपापला अर्थ भरला की पैसे घेऊन पळाले. प्रत्यक्षात ते मान खाली घालून काम करत होते. नोव्हेंबरमध्ये पहिली मोठी मोफत सुधारणा आली, २०१८ मध्ये खरं एकत्र खेळणं आलं, नंतर वर्षानुवर्षं मोफत भर पडत राहिली. स्टीमवर लोकांचा एकूण कौल "खूप चांगला" व्हायला २०२४ उजाडलं. आठ वर्षं! कामाने डाग धुतला हे खरं, पण त्या काही महिन्यांत दर पंधरा दिवसांनी चार ओळी लिहिल्या असत्या तर डाग एवढा पसरला असता का?

पुणे-मुंबईचं उदाहरण: पैसे परत करायची वेळ

एक उदाहरण आपल्या घरचं. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईत आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २००३ सालचा गाजलेला "प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम" हे दोन स्टुडिओ मिळून नव्याने बनवताहेत. आपल्या पोरांसाठी केवढी अभिमानाची गोष्ट! तारीख दिली २१ जानेवारी २०२१. प्री-ऑर्डरही सुरू.

ट्रेलर पाहून चित्रं जुनाट वाटतात अशी टीका झाली. डिसेंबरमध्ये तारीख १८ मार्च २०२१ वर गेली. फेब्रुवारीत कंपनीने सांगितलं की आता नवी तारीख नाही, वेळ लागेल तेवढा घेणार. मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. त्याच वर्षी प्री-ऑर्डरचे पैसे परत केले. पुढे २०२४ मध्ये "२०२६" असं साल सांगितलं आणि जानेवारी २०२६ मध्ये गेम रद्द झाल्याचं जाहीर केलं.

वाईट वाटतं. कुणाची तरी वर्षांची मेहनत आहे ती. पण उशीर कळवण्याच्या दृष्टीने यातल्या दोन गोष्टी बरोबर केल्या. एक, दुसरी तारीख जमणार नाही हे कळल्यावर तिसरी ठोकून दिली नाही. दोन, काम कधी होईल ते सांगता येत नाही म्हटल्यावर पैसे परत केले. हे उशिराच केलं असेल, पण केलं. तुम्हाला नवी तारीख मनापासून सांगता येत नसेल तर ॲडव्हान्स परत घ्यायचा पर्याय *तुम्ही* आधी पुढे करा. गिऱ्हाईकाने मागायची वाट बघू नका. माझा अनुभव सांगतो, मोकळेपणाने पर्याय दिला की बरेच जण म्हणतात, "राहू द्या हो, तुम्ही करा निवांत." मागून भांडून घेतलेला ॲडव्हान्स मात्र गिऱ्हाईकालाही घेऊन जातो.

मग मेसेज कसा लिहायचा?

या सगळ्या कंपन्यांच्या नोटिशी वाचल्यावर चांगल्या नोटिशीत पाच गोष्टी दिसतात. वहीत लिहून घ्या.

१. पहिल्याच ओळीत उशीर. "आपण आमचे सन्मान्य ग्राहक आहात" वगैरे आधी नको. गिऱ्हाईक काय शोधतंय? तारीख. ती आधी.

२. एकच, खरं कारण. "काही तांत्रिक अडचणींमुळे" म्हणजे काहीच नाही. नऊ आवृत्त्या तपासायच्यात, हे कारण गेम न बनवणाऱ्यालाही समजतं.

३. झालेलं काय, राहिलेलं काय. जमलं तर फोटो.

४. पुढचा निरोप कधी. आणि तो पाळायचाच, बातमी नसली तरी.

५. गिऱ्हाईकाकडे पर्याय काय. थांबणं, बदल करणं, किंवा पैसे परत.

समजा तुमचं किचन ट्रॉलीचं काम आहे. मेसेज असा जाऊ शकतो:

"नमस्कार ताई. तुमचं किचनचं काम या शनिवारी पूर्ण होणार नाही. तुम्ही निवडलेल्या रंगाचं लॅमिनेट कंपनीकडून आलेलं नाही, त्यामुळे शटर अडकलीत. आतल्या ट्रॉल्या तयार आहेत, फोटो पाठवतोय. लॅमिनेट कधी येणार ते कंपनी बुधवारी सांगणार आहे. बुधवारी संध्याकाळी सहाच्या आत मी स्वतः फोन करतो आणि मगच नवी तारीख देतो. घाई असेल तर जवळचा दुसरा रंग लगेच मिळतोय, त्याचा नमुना घेऊन येतो. आणि थांबणं शक्यच नसेल तर शटरचे पैसे परत करतो, संकोच करू नका. गैरसोयीबद्दल माफ करा."

यात नवी तारीख नाहीये, तरी ताईंना सगळं कळलं. आणि बुधवारी सहाच्या आत फोन केलाच पाहिजे, कंपनीने काही कळवलं नसलं तरी. "ताई, अजून उत्तर आलं नाही, उद्या दुपारी पुन्हा करतो" एवढं बोलायला वीस सेकंद लागतात.

एक सावधगिरी

गेमचं उदाहरण सगळीकडे चालत नाही, हेही सांगतो. गेम सहा महिने उशिरा आला तरी तो खेळता येतो. दिवाळीचा फराळ भाऊबीजेनंतर आला तर काय करायचं? लग्नाचा ब्लाउज लग्नानंतर मिळून उपयोग काय? गणपतीचं मखर चतुर्थीलाच लागतं. ज्यांचा माल सणाला, मुहूर्ताला बांधलेला आहे, त्यांच्याकडे उशीर हा प्रकारच नसतो. त्यांच्याकडे फक्त "हो" आणि "नाही" असतं. म्हणून तुमचा उशिराचा मेसेज ऑर्डर *घेतानाच* द्यावा लागतो. "ताई, फराळाच्या माझ्या ऑर्डरी पूर्ण झाल्यात, यापुढची घेतली तर न्याय देता येणार नाही." आज एक ऑर्डर जाईल, पण पुढच्या दिवाळीला त्या ताई महिनाभर आधी फोन करतील.

बाकी सगळ्यांसाठी आजचा गृहपाठ सोपा आहे. ऑर्डरबुक उघडा. ज्यांचा ॲडव्हान्स तुमच्याकडे आहे आणि ज्यांच्याशी गेल्या सात दिवसांत तुम्ही स्वतःहून बोलला नाहीत, अशा नावांपुढे लाल खूण करा. जेवढ्या लाल खुणा, तेवढे फोन आज संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी. बातमी चांगली असो वा नसो.

किती लाल खुणा निघाल्या ते खाली कॉमेंटमध्ये प्रामाणिकपणे लिहा. आणि एखादा अवघड मेसेज लिहायचा अडला असेल तर तोही टाका, नाव-नंबर काढून. पुढच्या व्हिडिओत त्यातले काही मेसेज आपण सगळे मिळून सुधारू. भेटू मग!